सिकलसेलचे निर्मूलन होईल तेव्हा होईल, आज जगणाऱ्यांचे काय?



दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो. शाळेच्या मुलांची रॅली निघते, दवाखान्याच्या गेटवर बॅनर लागतो, 'लग्नाआधी रक्त तपासा' अशा घोषणा होतात. २० जूनला बॅनर उतरतो. घोषणा चुकीची नाही, मीही ती वस्तीवस्तीत दिली आहे. पण या आजाराविषयी आपण जे काही बोलतो ते जवळजवळ सगळे अजून जन्माला न आलेल्या लेकरांविषयी असते. जी जन्मली आहेत, शाळेत जातात, पहाटे ठिय्यावर कामासाठी उभी राहतात, बाळंत होतात, त्यांच्याविषयी कोण बोलतो?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ सालापर्यंत हा आजार संपवायचा आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे ध्येय ठेवले. चांगले आहे. आज दहावीला बसलेली आपली पोरगी २०४७ मध्ये पस्तिशी ओलांडून गेलेली असेल. तोपर्यंत तिने कसे जगायचे, याचे उत्तर मात्र त्या मोहिमेच्या नावात नाही. निर्मूलन आजाराचे करायचे आहे, आजारी माणसाला विसरायचे नाही, हे कोणीतरी सांगायला हवे म्हणून हा लेख.

मी जीएनएम. पंधरा वर्षे वॉर्डात काढली आणि आता वस्त्यांमध्ये फिरते. विदर्भात आपल्या बौद्ध घरांत सिकलसेल किती आहे हे मला कोणाच्या अहवालातून कळायची गरज पडली नाही. तरी ज्यांना कागद लागतो त्यांच्यासाठी सांगते, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच छापला होता. आपल्या समाजात हा आजार आहे हे तेव्हापासून कागदावर आहे. एवढ्या वर्षांनीही आपल्याकडे लेकराचे डोळे पिवळे दिसले की आधी काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे नेतात आणि हातपाय सुजले की 'वात आला' म्हणून तेल चोळतात.

आजार थोडक्यात सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. जिथे थांबतो तिथे दुखते. हाडात, छातीत, पोटात. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, ही विळ्यासारखी पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. आई आणि बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक म्हणजे रुग्ण नाही. वाहकाला औषध लागत नाही, तो सगळी कामे करू शकतो. आपल्याकडे ज्याला पिवळे कार्ड म्हणतात ते वाहकाचे आणि लाल कार्ड रुग्णाचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण पिवळ्या कार्डवाल्या मुलीलाही 'बिमार आहे' म्हणून नाकारणारी घरे मी पाहिली आहेत. आणि नकार येतो तो बहुतेक मुलीलाच. मुलाचे कार्ड कोणी मागत नाही.

आता त्या दुखण्याविषयी. सिकलसेलचा झटका म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण. धडधाकट सेंट्रिंगचे काम करणारा पंचवीस वर्षांचा पोरगा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असतो, घामाने भिजलेला, बोलता येत नसते. बाहेरून काही दिसत नाही. जखम नाही, प्लास्टर नाही. चार दिवसांनी तोच पोरगा चालत घरी जातो. म्हणून लोकांना ते खोटे वाटते. एका मोठ्या दवाखान्यात अशा रुग्णाला 'इंजेक्शनची सवय लागली आहे' असे डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणताना मी ऐकले आहे. वेदनेची तक्रार करणारा माणूस कोणत्या वस्तीतून आला आहे हे पाहून त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरते. वॉर्डातली जात मी तिथे पाहिली. ठेकेदार म्हणतो कामचुकार. मास्तर म्हणतात दांड्या मारतो. घरचेसुद्धा कधीकधी म्हणतात, कालपर्यंत तर बरा होता.

कायद्याने हे दुखणे मानले आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात फक्त सात प्रकार होते. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी एकवीस प्रकारांची झाली. त्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेलही आहे. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण कायद्याने दिव्यांग ठरू शकतो. वस्तीत हे सांगितले की लोक माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. 'ताई, हातपाय तर शाबूत आहेत की!' काही आया रागावतात, माझ्या लेकराला अपंग म्हणू नका म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. आधीच एक जात चिकटलेली, त्यात आणखी एक शिक्का कशाला? पण हा शिक्का नाही, दाखला आहे. जातीचा दाखला आपण काढतोच ना? तो काढताना कोणाला लाज वाटत नाही, कारण तो हक्काचा कागद आहे हे आपल्याला बाबासाहेबांमुळे कळले. हाही तसाच.

खरी अडचण पुढे आहे. कायद्याचे बहुतेक लाभ चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तरच मिळतात. डोळ्याची नजर मोजता येते, कापलेला पाय मोजता येतो. येणारे-जाणारे दुखणे टक्क्यांत कसे मोजणार? बोर्ड कागद पाहते. किती वेळा दाखल झाला, किती वेळा रक्त चढवले, मेंदू, फुप्फुस, खुब्याच्या हाडाला इजा झाली का, हे पाहिले जाते. आता गरिबाच्या घरी काय होते ते पाहा. झटका आला की प्रत्येक वेळी मोठ्या दवाखान्यात जाणे परवडत नाही. घरच्या मजुरीचा दिवस बुडतो, ऑटोचे पैसे लागतात. म्हणून पोरगा घरीच गोधडीत पडून राहतो, फार तर गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतो. त्या दुखण्याचा कागद कुठेच तयार होत नाही. बोर्डासमोर तो उभा राहतो तेव्हा फाईलमध्ये दोनच डिस्चार्ज कार्डे. टक्के कमी. जो सगळ्यात गरीब त्याचा पुरावा सगळ्यात कमी.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी रोज घेतली तर बऱ्याच जणांचे झटके कमी होतात, दाखल व्हायची पाळी कमी येते. म्हणजे जो नीट औषध घेतो त्याचे टक्के खाली येतात! एका काकूंनी मला विचारले होते, 'मग प्रमाणपत्र मिळेपर्यंत गोळी बंद ठेवू का?' मी त्यांना स्पष्ट नाही म्हणाले, तुम्हालाही म्हणते. पण त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. अशी व्यवस्था माणसाला असाच हिशेब करायला लावते. गोळीमुळे झटका आला नाही म्हणजे आजार गेला असे होत नाही. रक्त कमीच असते, दमायला होते, थंडीत भीती असते, जड काम अंगावर येते. मोजमाप करताना उपचार चालू असताना टळलेले दुखणेही धरले पाहिजे, ही माझी पहिली मागणी.

नोकरीचे पाहा. २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. पण ते कलम ३४ नीट वाचले तर त्यात अंध, कर्णबधिर, चालण्याहालचालीचे दिव्यांगत्व, कुष्ठरोगमुक्त, ॲसिड हल्ल्यातले पीडित, स्वमग्न, मानसिक आजार असे गट आहेत. रक्ताचे आजार त्यात नाहीत. यादीत घेतले आणि नोकरीच्या दारात थांबवले. उच्च शिक्षणात मात्र कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित संस्थांमधल्या पाच टक्के जागा चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत, त्यात सिकलसेलही येतो. म्हणजे पोरीने शिकावे, डिग्री घ्यावी आणि नोकरीच्या अर्जात तिचा आजार मोजूच नये. हे कसले तर्कशास्त्र? बरे, ठेकेदाराकडे उन्हात विटा वाहायचे काम या पोरांना जमत नाही. सावलीतले, बसून करायचे काम हवे आणि ते बहुतांशी शिक्षणातून आणि सरकारी नोकरीतूनच मिळते. कलम ३४ मध्ये दुरुस्ती व्हावी ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात मला अजून दिसली नाही. पुतळे, नामांतर, स्मारके यांची निवेदने आपण पाठ करून ठेवली आहेत. त्यांच्याशेजारी या ओळीलाही जागा द्या.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे तसेच. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ५०,००० रुपये आहे. भागाकार करा. दिवसाला १३७ रुपये. आज कोणत्या वस्तीत, कोणत्या घरात दिवसाला १३७ रुपयांत चूल पेटते? बाप हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते, दोघांचे मिळून ही मर्यादा चार-पाच महिन्यांतच ओलांडली जाते. मग एकतर खोटा दाखला काढा नाहीतर हक्क सोडा. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला भाग पाडणारी अट ही अट नसते, सापळा असतो.

केंद्राच्या मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. त्याला माझा विरोध नाही. गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांवर जे हाल आहेत ते आपल्या वस्तीपेक्षा जास्त आहेत आणि तिथला पैसा कमी करून आपल्याला द्या असे कोणी म्हणू नये. पण हा जनुक जातीचा दाखला पाहून अंगात शिरत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे तो टिकला, कारण वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत होते. आदिवासी, आपण, काही ओबीसी जाती, सगळ्यांत तो आहे. आणि तो एकाच समाजात दाट का राहिला, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयीच्या निबंधाशी जुळते. जातीतच लग्न लावण्याच्या रीतीवर जात उभी आहे, हे त्यांनी तिथे मांडले. त्यांनी सिकलसेलविषयी लिहिले नव्हते, पण ज्या भिंतीने माणसे अडवली त्याच भिंतीने हा जनुकही आत कोंडला. आंतरजातीय लग्न केले म्हणजे तपासणी नको असे मात्र समजू नका. समोरचाही वाहक असू शकतो.

लग्नाविषयी एवढेच म्हणेन की दोघांनी मिळून तपासणी करावी, रिपोर्ट दोघांनी वाचावा आणि निर्णय दोघांचा असावा. आधीच लग्न झालेले दोघे वाहक असतील तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगावे, गर्भाची तपासणी करता येते. त्यापुढे काय करायचे ते त्या बाईने ठरवावे. सासूने नाही आणि आरोग्य सेविकेनेही नाही.

आता आपल्या घरातले बोलते. एप्रिल महिन्यात आपल्या विहारांत, वाचनालयांत अठरा तास अभ्यास उपक्रम होतो. सुंदर उपक्रम आहे. पण लाल कार्ड असलेले लेकरू इतरांच्या बरोबरीने अठरा तास बसते, एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पिते, लघवीला उठायची लाज वाटते म्हणून दाबून बसते आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असते, हे मी एकदा नाही, दोनदा पाहिले. त्या लेकराला पाण्याची बाटली द्या, तीन-चार तासांनी घरी पाठवा आणि प्रमाणपत्र सगळ्यांसारखेच द्या. बाबासाहेबांचा अभ्यास आपण सांगतो. त्यांचा मधुमेह, पायांचे असह्य दुखणे, शेवटच्या वर्षांतले अंथरूण आणि माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून घेतलेली काळजी हेही सांगायला हवे. आजारी शरीराने आधार घेऊन केलेले काम कमी दर्जाचे नसते, हे आजारी लेकराला कळू द्या. आणि तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले होते, ही गोष्ट विनयपिटकात आहे. सगळ्या विहारांत ती सांगतात. विहार समितीने रक्तदात्यांची गटवार यादी भिंतीवर लावली तर त्या गोष्टीला काही अर्थ येईल. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्यातल्या एका तासाच्या पैशांत ही यादी, एक थर्मामीटर आणि झटका आलेल्या माणसाला न्यायला ऑटोचे भाडे सहज निघते. असो, डीजेवर मी बोलले की तरुण मंडळी नाराज होतात.

परदेशात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सिकलसेलवरच्या जनुक उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती बातमी व्हॉट्सॲपवर अजून फिरते. बातमी खरी आहे. त्या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर आहे. इकडे कित्येक ठिकाणी हायड्रॉक्सीयुरियाचीच गोळी 'स्टॉक संपला, पुढच्या महिन्यात या' म्हणून मिळत नाही. माझे लक्ष त्या गोळीवर आहे. गोळी अचानक बंद करू नका, मधूनमधून रक्त तपासून घ्या, मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, सिकलसेलचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. फॉलिक ॲसिड वेगळे, ते लागते. दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून गिळत राहू नका, किडनी जाते. लेकराला १०१ च्या वर ताप, श्वासाला त्रास, अचानक पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट टणक फुगणे, तोंड वाकडे होणे किंवा एक हात-पाय लुळा पडणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

बोर्डाकडे जायचे असेल त्यांनी आधी फाईल बनवावी. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीचा कागद पुरत नाही, कारण ती वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. दर वेळी दाखल झाल्याचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, एक्स-रे, सगळे तारखेप्रमाणे लावा आणि झेरॉक्स वेगळी ठेवा. घरीच राहून झटका काढला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का होईना, सरकारी दवाखान्यात जाऊन केस पेपर काढून डॉक्टरकडून लिहून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या पोराकडून भरून घ्या. शाळकरी मुलांसाठी मुख्याध्यापकांकडे वेळेत अर्ज द्या, बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जास्तीची मिळतात. सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या रुग्णाला रक्त मोफत मिळायला हवे, पैसे मागितले तर पावती मागा. एसटीत सवलत आहे, ती विचारा. ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे त्यांना बंधनकारक आहे. आपल्या वॉर्डात तो कशावर खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारणारा एकतरी माणूस वस्तीत तयार करा.

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा वेळी राज्याने साहाय्य करावे असे लिहिले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, हे अधिकारी लगेच सांगतात. मग २०१६ चा कायदा दाखवा, तो कायदा आहे. बोर्डाने टक्के कमी दिले किंवा प्रमाणपत्र नाकारले तर कलम ५९ प्रमाणे राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही पाठवता येते. नाकारल्याचे कारण लेखी मागा, कोऱ्या तोंडी नकारावर अपील होत नाही. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.